सात नंबरची सळई

लेवार्डन, ९ मार्च

विब्रेन,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे, म्हणून तू हे उघडलंस. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, ईमेल वाचत नाहीस, राहता राहिला पोस्टमन. पत्ता लिहून देताना आईनं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, वाढदिवसाचं कार्ड. तुझा वाढदिवस ऑगस्टात येतो हे तिच्या लक्षात आलंच असणार, पण ती काही बोलली नाही. आपल्या घराचा पहिला धंदा गाईंचा आणि दुसरा न बोलण्याचा.

सरळच विचारते. मागच्या चौथ्या शेतातली सळई तू हलवलीस का?

मागच्या वसंतात आमच्या कॉलेजनं गावातल्या शेतांत सळया ठोकल्या. काळ्या मातीतून आरपार, खालच्या वाळूपर्यंत. वाळू जागची हलत नाही, वरची माती सुकते, कुजते आणि खचते. सळईवरच्या खुणेपासून जमीन किती खाली गेली ते मोजायचं, एवढाच आमचा उद्योग. तू शेतकरी संघटनेचा पुढारी. भर सभेत म्हणालास, "मोजा की, आमच्याकडे लपवायला आहे काय?" अट एकच घातलीस, की तुझ्या शेतात बहिणीनं पाय ठेवायचा नाही. म्हणून तुझी सात नंबरची सळई फ्लोरिस मोजतो आणि बाकीच्या मी. फ्लोरिस माझा जोडीदार, रॉटरडॅमचा. गाय आणि कालवड यांतला फरक त्याला गेल्या वर्षी कळला.

आता वर्षाचे आकडे हातात आलेत. सगळ्यांची जमीन खचली आहे. शेजारच्या डौवेकाकाची सगळ्यांत जास्त, चांगली बोटभर. तुझी मात्र होती तिथेच. तीच माती, तोच पाऊस, मधे फक्त एक चर, आणि तुझी जमीन तेवढी हट्टानं बसून राहिली. कुठेतरी पाणी मुरतंय, विब्रेन.

मेच्या अखेरीस विद्यार्थ्यांचा संशोधन परिसंवाद आहे. पोस्टर फ्लोरिस करतोय, तोंडी सादरीकरण माझ्या वाट्याला आलंय. दहा मिनिटं बोलायचं आणि मग परीक्षक विचारतील ते झेलायचं. शेवटच्या वर्षाचा निकाल त्यावर ठरणार आहे. सात नंबरबद्दल कुणी विचारलं तर मी काय सांगू? जमीन खचतच नाही, चरांतलं पाणी वाढवायची गरज नाही, असं तू ट्रेलरवर चढून ओरडत असतोस. सळई थोडी दाबली की तुझं म्हणणं खरं. दाबली असशील तर आत्ताच कळव. आकडा गुपचूप काढून टाकते आणि कुणाला बोलत नाही.

हिस्के

*

लेवार्डन, २४ मार्च

विब्रेन,

उत्तर नाही. बरं. अपेक्षाही नव्हती, पण पत्रपेटीत डोकावायची सवय लागली ती लागलीच.

इकडे संशय आता माझ्यावरच आलाय. आमची मार्गदर्शक मिर्याम हिनं काल खोलीत बोलावलं. कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. तेव्हाच समजले की पुढचं बोलणं गोड नसणार.

"सात नंबर कुणाचं शेत आहे, हिस्के?"

"भावाचं."

"आणि आकड्यांचा तक्ता कुणी बनवला?"

"मी."

तिला काय वाटतंय ते कळलं. शेतकऱ्याची पोर, भावाचं शेत, आणि नेमका तोच आकडा सोयीचा. मी म्हटलं, माझं त्याच्याशी बोलणंसुद्धा नाही, त्याच्यासाठी मी खोटं कशाला करीन? त्यावर ती म्हणाली, बोलणं नसलेल्या भावंडांची एकमेकांवर माया नसते असं तिच्या पाहण्यात नाही. मला राग आला. बिस्कीट तसंच ठेवून उठले.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. एक तर सात नंबर का खचला नाही ते पुराव्यानिशी सांगा, नाहीतर तो आकडा वगळा. वगळलात तर वगळला असं पोस्टरवर लिहा, आणि कारण विचारलं तर तेही सांगा. म्हणजे दोन्हीकडून माझीच मान अडकली.

मग मी मोर्चा फ्लोरिसकडे वळवला. मला वाटलं, हा सात नंबरला गेलाच नसेल. तुझ्या कुत्र्याला घाबरून रस्त्यावरूनच अंदाज घेतला असेल, उंटावरून शेळ्या हाकल्या असतील. तसं तोंडावर विचारलं. तो लाल झाला आणि म्हणाला, दर महिन्याला गेलोय, कुत्रं चावलं तरी गेलोय. पँट वर करून खूणही दाखवली. मग म्हणाला, "आकडा मी आणतो, तक्त्यात तू भरतेस. मी तुला काही विचारलं का?" म्हणजे तोही तेच धरून बसला होता.

त्यात त्यानं पोस्टरचा नकाशा करून आणला. मोठ्या अभिमानानं दाखवला. शेतमालकांची नावं गुप्त ठेवायची असा करार आहे, म्हणून त्यानं नावांऐवजी नुसते आकडे टाकलेत. खाली मात्र प्रत्येक शेत आणि प्रत्येक चर जसाच्या तसा काढलाय. मला हसू आवरेना. आपल्या गावातलं पाच वर्षांचं पोरही चरांची वळणं बघून सांगेल की हे डौवेकाकाचं, हे चर्चचं, आणि हे शेवटी वाकडं झालेलं विब्रेनचं. रॉटरडॅमच्या माणसाला शेत म्हणजे हिरवा चौकोन. परिसंवादाला तुम्हा सगळ्या शेतमालकांना कॉफी आणि केकचं आमंत्रण असतं. तुम्ही या नकाशापुढे उभे राहणार आणि कुणाचं किती खचलं ते मिनिटात पाठ करणार.

मी त्याला म्हटलं, नकाशा काढून टाक. त्यानं विचारलं, का? मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मला आवडली नाही.

हिस्के

*

लेवार्डन, ६ एप्रिल

विब्रेन,

तुझी अट मी मोडली. ओरडायचं असेल तर आता ओरड.

तू डेन हागला सरकारविरुद्धच्या मोर्चात होतास. बातम्यांत दिसलास, निषेधाचा उलटा झेंडा घेऊन, आवाज बसलेला. तेवढ्यात मी सायकलवरून मागच्या रस्त्यानं गेले. कुत्र्यानं मला ओळखलं. घरात माझ्यावर राग नसलेलं तेवढंच एक उरलंय बहुतेक.

सळई जागेवर होती. खुणेवरचं कॉलेजचं सील शाबूत. कुणी बोटही लावलेलं नाही, आणि आकडा फ्लोरिसनं आणला तोच. मी दोनदा मोजला. त्याची माफी मागायला हवी, अजून मागितली नाही.

पण बूट आत जात होते. ते शेत आपल्या लहानपणी असं नव्हतं. इतर शेतं टणक, आणि इथं पावलागणिक पाणी वर येतंय. गवतातून लांब चोचीचे पक्षी ओरडत उठले, आपल्या शेतात मी ते शाळेत असताना शेवटचे पाहिले होते. मग मी चराच्या कडेनं चालत गेले. तोंडाशी, लव्हाळ्यात झाकलेली, फळी. चराला आडवी बसवलेली, दोन्ही बाजूंनी माती चोपलेली. फळीच्या अलीकडे पाणी हातभर वर, पलीकडे, चरांचं पाणी सांभाळणाऱ्या पाणी-मंडळानं ठरवलेल्या पातळीला.

वा रे पुढारी. ट्रेलरवर चढून म्हणायचं, पाणी वाढवायचं तर आधी माझ्या अंगावरून जा. आणि घरी मागच्या दारानं स्वतःच पाणी अडवायचं, का? तर बहिणीची सळई खोटी पडावी म्हणून. ओली माती खचत नाही हे तुला मीच सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, ज्या दिवशी तू मला पुन्हा या अंगणात येऊ नकोस म्हणालास त्याच दिवशी. माझंच वाक्य माझ्यावर वापरलंस. उद्या माझं भाषण झालं की तू उठून म्हणणार, बघा, माझी जमीन ठणठणीत आहे, हे कॉलेजवाले थापा मारतात.

मी फळीचा फोटो काढलाय. मागे वाकडा चर स्पष्ट दिसतोय. मिर्यामला पुरावा हवाय ना, देते पोस्टरवर छापायला, मधोमध, रंगीत.

हिस्के

*

लेवार्डन, १० एप्रिल

विब्रेन,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. टाकून झालं, परत घेता येत नाही.

पोस्टरसाठी फोटो मोठा करत होते. मोठा केल्यावर दिसलं की फळीवर हिरवं शेवाळ जाड बसलंय आणि लव्हाळ्याची मुळं तिच्या फटीत शिरलीत. असं शेवाळ एका उन्हाळ्यात धरत नाही. सळया आम्ही गेल्या वसंतात ठोकल्या. फळी त्याच्या कितीतरी आधीची. बहिणीला खोटं पाडायची तयारी कुणी ती काही मोजायला लागण्याआधीच करून ठेवत नाही.

मी आईकडे गावात गेले. भांडी घासत होती. मी विचारलं, मागच्या चौथ्यातल्या चरात फळी कधीपासून आहे? तिनं भांडं पुसलं, ठेवलं, दुसरं घेतलं.

"त्यानं मला सांगितलंय, कुणाला बोलायचं नाही."

"कुणाला म्हणजे, डौवेकाकाला?"

"नाही गं. तुला."

मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागले. मग तिनं हळूहळू सांगितलं. मी घर सोडलं त्याच हिवाळ्यात तू फळी बसवलीस. माझं म्हणणं करून बघायचं होतं तुला. एका शेतापुरतं, कुणाला कळू न देता. जमलं नाही तर फळी काढायची आणि विषय संपला. आणि जमलं तर? ते आईलाही माहीत नाही. तेवढ्यात संघटनेनं तुला पुढारी केलं, आणि मग तुला फळी काढताही येईना आणि दाखवताही येईना.

रडू आलं, लपवत नाही. तीन हिवाळे मी समजत होते की तुला माझं एक अक्षरही पटलं नाही. आणि तू ते चिखलात उभा राहून करत होतास.

फोटो मी पोस्टरवरून काढला. फ्लोरिसला म्हटलं, फाइल बिघडली.

हिस्के

*

लेवार्डन, ८ मे

विब्रेन,

काल रंगीत तालीम झाली. आमच्याकडे पद्धत अशी की भाषणाआधी वर्गातलेच चार जण दुष्ट परीक्षक होऊन समोर बसतात आणि जिव्हारी लागेल असं विचारतात. मी ठरवलं तसं बोलले. सात नंबरला पाणी अडवलेलं आहे, फळी मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून तिथं जमीन खचली नाही. सगळ्या आलेखात महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण जमीन वाचवता येते हे तो सांगतो. मला वाटलं, छान झालं.

पहिलाच प्रश्न आला, फोटो कुठाय? दुसरा, शेतमालकानं दुजोरा दिला का? तिसरा कुणी विचारला नाही, नुसते हसले.

मिर्यामनं मागून सांगितलं की पुराव्याशिवाय तो आकडा बोलू नकोस. तिला मी फोटो दाखवला आहे, तुझं शेत आहे हेही ती जाणते. ती म्हणते, पोस्टरवर फोटो लाव, चांगले गुण पडतील, मोठ्या परिषदेलाही तुम्हालाच पाठवू. मी म्हटलं, फोटोतला वाकडा चर बघितला की गावाला पाच मिनिटांत कळेल. ती म्हणाली, फोटोवर नाव नाही, करार मोडत नाही, कळलं तर कळू दे, तो गुन्हा थोडाच आहे? तिचं बरोबर आहे, गुन्हा नाहीच. पण तिला आपलं गाव माहीत नाही. तुझा पाय मोडला होता तेव्हा सहा आठवडे डौवेकाकानं तुझ्या गाई पिळल्या. तोच डौवेकाका तुला भर सभेत फितूर म्हणेल, आणि पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात कॉफीला बसणार नाही.

अजून एक. तालमीनंतर मी विसरलेली छत्री घ्यायला परत गेले, तर रिकाम्या खोलीत फ्लोरिस एकटा उभा होता आणि माझं भाषण म्हणत होता. माझंच, शब्दन् शब्द, हातवाऱ्यांसकट. मला बघून गप्प झाला. म्हणाला, मिर्यामनं सांगितलंय, ऐनवेळी तू माघार घेतलीस तर मी तयार असावं. असेल. आणि मोजपट्टीचा डबा गेल्या आठवड्यात दोन दिवस कपाटातून गायब होता, तो का, हे मी विचारलं तर म्हणाला, कुणीतरी नेला असेल. त्याच्या सायकलच्या चाकांना काळी माती होती. तो तुझ्या शेतात गेला होता याची मला खात्री आहे. फळी शोधून, स्वतःचा फोटो काढून पोस्टरवर लावायला मिर्यामला नेऊन देणार असेल. नकाशाच्या जागी नुसते उभे स्तंभ टाकायला तो निमूट तयार झाला, तेव्हाच मला वास यायला हवा होता.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. नाव घेऊ की नको, एवढं कळव. आईजवळ निरोप दे, कार्डावर नुसतं हो किंवा नाही लिही, कुत्र्याच्या पट्ट्याला चिठ्ठी बांध. तू हो म्हणालास तर मी सगळं सांगीन आणि तुझ्या बाजूनं उभी राहीन. काहीच म्हणाला नाहीस तर मी तुझं नाव घेणार नाही. आकडा मात्र वगळणार नाही. तेवढं मला जमायचं नाही.

हिस्के

*

लेवार्डन, २८ मे

विब्रेन,

तू आला नाहीस. दाराकडे बघत होते, खोटं कशाला बोलू.

गाववाले आले, आठ-नऊ जण, धुतलेल्या शर्टांत, मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. मधे डौवेकाका. माझ्या आधी शिंपल्यांवर काम केलेल्या दोन मुली बोलल्या, उत्तम बोलल्या. मग मी. सात नंबर आला तेव्हाही बोलले. एका शेतात पाणी अडवलंय, फळी मी पाहिली आहे, शेत कुणाचं ते सांगणार नाही, फोटो दाखवणार नाही.

परीक्षकांतली लाल चष्म्याची बाई म्हणाली, "मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? तुमच्या शब्दावर?"

मी हो म्हटलं. सभागृहात कुणीतरी हसलं. डौवेकाका उठून उभा राहिला आणि त्याच्या त्या गोठ्यातल्या आवाजात म्हणाला, "शेत कुणाचं ते सांग की पोरी. आम्हालाही कळू दे, आमच्यातला कोण पाणी अडवून बसलाय." मागच्या रांगेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, नाही सांगणार.

तेव्हा पोस्टरांच्या बाजूनं फ्लोरिसचा आवाज आला. म्हणाला, त्यानं त्या शेतात परत जाऊन दोनदा मोजलंय, दोन्ही वेळा आकडा तोच आला. फळी त्यानंही पाहिली आहे, बऱ्याच महिन्यांपूर्वी, आणि शेत कुणाचं ते तोही सांगणार नाही.

बऱ्याच महिन्यांपूर्वी. दर महिन्याला जाणारा माणूस, फळी त्याला दिसणारच. हिवाळ्यापासून त्याला माहीत होतं आणि त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. का, ते नंतर विचारलं. म्हणाला, "तुझा भाऊ आहे. मला वाटलं, तुला ठाऊक असेल आणि तू झाकतेस. तू काही बोलेनास, मग मी कशाला बोलू?" आपल्या घराच्या या धंद्यात रॉटरडॅमचा एक भागीदार कधी शिरला, मला कळलंही नाही. त्याची माफी मागितली, न मोजल्याच्या संशयासाठी, बिघडलेल्या फाइलच्या थापेसाठी आणि चाकांवरच्या काळ्या मातीसाठी.

निकाल सांगून टाकते. गुण बेताचे पडले. पुरावा असून दाखवला नाही, असं मिर्यामनं शेऱ्यात लिहिलं, आणि ते खरंच आहे. मोठ्या परिषदेला शिंपल्यांच्या मुली जाणार. थोडं लागलं मनाला.

पण हे पत्र त्यासाठी नाही. बोलणी संपली, सगळे गुलाबी साखरेच्या केककडे धावले. मी आमच्या पोस्टरपाशी एकटी उभी होते. डौवेकाका आला. बशीत केक तसाच. स्तंभांचं चित्र बघत राहिला, सगळ्यांत खोल गेलेल्या स्तंभावर बोट ठेवलं. हे आपलं, हे त्याला नकाशाशिवाय कळलं होतं. मग त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. तो आवाज खाली आणू शकतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

"फळी किती उंच होती गं?"

मी हातानं दाखवली.

"आणि वसंतात ट्रॅक्टर जातो का त्यावर? चाकं रुतत नाहीत?"

"ते ज्याचं शेत आहे त्यालाच माहीत, काका."

"तो काही सांगायचा नाही."

"नाही, तो सांगायचा नाही."

त्यानं मान हलवली. केकचा एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला. घराच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे म्हणाला, नातीला तिकडच्या खोलीत झोपू देत नाही. मग अगदी जवळ येऊन म्हणाला, "मी विचारलं हे विब्रेनला बोलू नकोस. त्याला कळलं तर मला ट्रेलरवरून ढकलून देईल."

मी म्हटलं, माझं त्याच्याशी बोलणं नाही, काका.

"मग बरंय," म्हणाला आणि निश्चिंत होऊन कॉफीकडे गेला.

मी खोटं सांगितलं नाही. बोलणं नाहीच आपलं. फळीची उंची मी त्याला दाखवली आहे. ट्रॅक्टरचं तू सांग.

हिस्के